मांसासाठी रेडकू घेताय? दूध तुटलेलंच घ्या

महाराष्ट्रात 2015 पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथे मांसासाठी वाढवायचं ते म्हशीचं नर रेडकू. त्याच्या कत्तलीलाही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणून खरेदीची पावती आणि कानातला बारा अंकी बिल्ला पहिल्या दिवसापासून जपा.

नवखा माणूस हमखास आठ-दहा दिवसांचं रेडकू उचलतो, कारण ते जवळजवळ फुकट मिळतं. दोन महिने रोज अडीच लिटर पाजलं तरी दीडशे लिटर दूध जातं. तबेलेवाल्याला ते परवडत नाही, तुम्हालाही परवडणार नाही. शिवाय जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक मिळाला होता का, हे कोणी सांगत नाही. चिकाविना वाढलेलं रेडकू हगवण किंवा न्यूमोनियानं जातं. त्यात गोलकृमी आईच्या चिकातून आणि दुधातूनच पोटात येतात. शेण मातकट, चिकट आणि घाण वासाचं झालं की समजा जंत वाढलेत. लहान घेतलंच, तर दहाव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान पशुवैद्याकडून पायपराझिन हे जंतनाशक वजनानुसार द्या.

माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा महिन्यांचं, वैरण खाणारं, सत्तर ते नव्वद किलोचं घ्या. बाजारात वजन नजरेनं ठरवू नका, टेप न्या. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 660 म्हणजे अंदाजे किलो. घेर 38 आणि लांबी 36 इंच असेल, तर साधारण 79 किलो. बारीक पण लांब हाडाचं रेडकू चारा मिळाल्यावर झपाट्यानं भरतं. पोट सुटलेलं, केस राठ, बेंबी किंवा गुडघे सुजलेलं मात्र स्वस्तातही नको.

घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळं बांधा. जंतनाशक द्या, गोचीड काढा. लाळ्या-खुरकूतची लस आणि महिन्याभरानं बूस्टर, पुढे दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी.

खुराकात शंभर किलोला मका भरडा 40, शेंगदाणा पेंड 25, गव्हाचा कोंडा 32, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. लहान वयात सरकी पेंड टाळा, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोवळ्या जनावराला बाधतं. युरिया प्रक्रिया केलेली वैरण सहा महिन्यांखाली नकोच. खुराक अर्ध्या किलोपासून सुरू करून दर तीन-चार दिवसांनी शे-दीडशे ग्रॅम वाढवा. एकदम भरडा घातला की पोटात आम्ल होतं, जनावर खाणं सोडतं आणि दगावूही शकतं. बाकी पोट मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), हिरवी मका आणि कडबाकुट्टीनं भरा. खुराक धरून एकूण खाणं, त्यातला पाण्याचा अंश वगळून, वजनाच्या अडीच ते तीन टक्के.

म्हशीच्या जातीला घाम कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात सावली, दिवसभर पाणी आणि दुपारी अंगावर फवारा नसेल तर वाढ थांबते, खुराक कितीही द्या.

दर पंधरा दिवसांनी टेप लावा. रोज अर्धा किलो वाढ मिळाली की चौदा महिन्यांत दोनशे किलोची भर पडते. दोन मापांदरम्यान रोजची वाढ तीनशे ग्रॅमखाली दिसली, तर खुराक वाढवण्याआधी शेण तपासून घ्या.