शाफ्टला गुंडाळलेलं जाळं

नोव्हेंबरातली रात्र, दाभोळच्या पश्चिमेला. नौदलाचा सराव आटोपून मुंबईकडे परतत होतो. मी मशिनरी कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर. पावणेतीनला उजव्या शाफ्टची, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याची, थरथर आधी पायांना कळली, मग काट्यावर दिसली.

आमची मिसाइल बोट ५६ मीटर लांब, सुमारे साडेचारशे टनांची. चार क्षेपणास्त्रं, पुढे ७६ मिलिमीटरची तोफ आणि हे सगळं पळवायला गॅस टर्बाइन. १९७१ च्या ४ डिसेंबरला रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटी डिझेलवर चालत. तीन इंजिनं, एकेकात ४२ सिलिंडर. पुढच्या पिढीतल्या बोटींना त्यांचीच नावं मिळाली, पण इंजिनघर पार बदललं. टर्बाइनचा वैरी म्हणजे मीठ. खाऱ्या हवेचा थर टर्बाइनची हवा दाबणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांवर बसला की तापमान चढतं आणि जोर उतरतो. म्हणून समुद्रावरून आलं की आधी कंप्रेसर गोड्या पाण्यानं धुवायचा, माणसांच्या अंघोळी नंतर. माझ्या पाळीत हा क्रम मी कधी मोडू दिला नाही.

त्या रात्री मी उजवी बाजू उतरवून बंद केली आणि ब्रिजला, म्हणजे वर बोट चालवणाऱ्यांना, कळवलं. जाळंच असणार, हे वर-खाली सगळ्यांना कळलं होतं. फटफटल्यावर डायव्हर उतरवायचे ठरले. तोवर दर दहा मिनिटांनी मी शाफ्टच्या सीलपाशी बॅटरी घेऊन वाकत होतो. तिथे दोरा शिरला की पाणी आत.

डायव्हर पाण्यात असताना दोन्ही बाजू बंद, शाफ्टला लॉक, पॅनेलवर ‘डायव्हर खाली आहेत’ अशी पाटी. तरी मी पॅनेल सोडलं नाही. कुणाचा हात चुकून बटणावर गेला, तर खाली माणूस पंख्याजवळ आहे. फिरत्या शाफ्टवर नायलॉन घासून वितळतो आणि पुन्हा गोठतो. त्याचा काळा, दगडासारखा गोळा होतो. चाकू त्यावर घसरतो. दोघांनी आळीपाळीनं हॅक्सॉनं दीड तास कापलं.

“या कोळ्यांना साधा दिवा लावता येत नाही?” आमचा इलेक्ट्रिकल चीफ म्हणाला. माणूस कामाचा, पण जाळ्यावर रात्र काढलेला नाही. बांबूला बांधलेली बॅटरी पहाटेपर्यंत टिकतेच असं नाही. आणि हंगामात या किनाऱ्याला ब्रिजवर दोनच पहारेकरी पुरत नाहीत, हे मी आधीही बोललो होतो. कुणी मनावर घेतलं नाही.

मग डेकवर जाळ्याचे तुकडे आले. त्यात जाळं तरंगतं ठेवणारे तीन बोये होते. हिरवा पट्टा, त्यावर लाल ठिपका. हर्णैला आमच्या वाडीत घरोघरची खूण वेगळी असते आणि ही खूण मी लहानपणी स्वतः ब्रशनं रंगवलेली आहे, शेजारच्या काकांच्या ओटीवर बसून.

मी बोललो नाही. नोंदवहीत ‘अज्ञात जाळे’ अशी ओळ आहे. अक्षर माझं आहे.

डिसेंबरात रजेवर गेलो. संध्याकाळी लिलावाच्या गर्दीत काका भेटले. एक जाळं म्हणजे त्यांची हंगामभराची उधारी. “ट्रॉलरवाल्यानं नेलं रे,” म्हणाले. जयगडच्या एका तांडेलावर, म्हणजे नावेच्या म्होरक्यावर, त्यांचा संशय होता. त्याच्याशी त्यांचं भांडणही झालं होतं, अगदी पोरांच्या लग्नाचं बोलणं मोडण्यापर्यंत.

मी मान हलवली. चहा घेतला. काकांनी पैसे देऊ दिले नाहीत.

पुढे मी आबांकडून त्यांना थोडी रक्कम पोचवली, नव्या जाळ्याला उसने म्हणून. त्यांनी दोन वर्षांत पै न् पै फेडली, आणि आबांनी ती मला परत आणून दिली. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. आता मी निवृत्त आहे. त्यातला एक बोया माझ्या पेटीत आहे. जयगडच्या त्या घराशी काका अजून बोलत नाहीत.