मोरीत शार्क आणि पार्किंगमध्ये देवमासा

माझं माहेर मालवणचं, सासर कोथरूडचं. घरीच छोटा प्लेग्रुप चालवते. तीन ते पाच वर्षांची नऊ मुलं. या महिन्यात समुद्रातले प्राणी घ्यायचे म्हणून अप्पा बळवंत चौकातून २४ चित्रकार्डांचा संच आणला. नावं सगळी इंग्रजीत. मागच्या बाजूला स्केचपेनने मराठी लिहायला बसले आणि अडकलेच. कासव, खेकडा, कोळंबी सोपी. ऑक्टोपसला कोशात 'अष्टपाद' आहे, पण ते म्हणतं कोण? ऑक्टोपसच ठेवला. स्क्विडला माकूल. आणि शार्कच्या मागे हात आपोआप 'मोरी' लिहून गेला. मोरीचं मटण खाऊन वाढलेला हात तो!

दुसऱ्या दिवशी कार्ड वर धरून म्हटलं, "ही मोरी." पोरं गप्प. मदतीला येणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "ताई, मोरीत भांडी घासतात हो!" घाईघाईने 'मुशी' असं सुधारलं, पण उशीर झाला होता. रात्री एका आईचा फोन. "ताई, हा आंघोळीलाच जात नाहीये. मोरीत शार्क आहे म्हणतो."

पुढची पंचाईत तारामाशाची. तारामासा मासा नाही, देवमासाही मासा नाही, असं सांगितल्यावर एकीने शांतपणे विचारलं, "मग मासा का म्हणायचं?" याला माझ्याकडे काय उत्तर असणार? देवमासा आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, बाळाला दूध पाजतो, एवढं सांगून सुटका करून घेतली. तर लगेच, "आपण त्याला बादलीत ठेवू या?"

तिची काय चूक? कार्डावर कोळंबी आणि देवमासा एकाच मापाचे.

मग कपडे वाळत घालायची दोरी मोजून घेतली, २५ मीटर. निळा देवमासा साधारण एवढा भरतो, काही याहून मोठेही. (२०१५ साली आमच्या सिंधुदुर्गात, कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते. तेव्हा मी नेमकी पुण्यात!) सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोरी ताणली आणि खडूने देवमासा काढला. नऊ मुलं डोक्याला पाय लावून आडवी झाली, तरी पोट संपेना. मग मावशी झोपल्या, मी झोपले, वॉचमनकाकांनाही झोपवलं. कसेबसे अर्ध्याच्या पुढे गेलो. त्याचं नुकतं जन्मलेलं बाळच सात मीटरचं, म्हणजे आमची सात पोरं, हे कळल्यावर बादलीचा विषय आपोआप बंद झाला.

साडेबाराला पालक न्यायला आले, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गाडी आणून बरोबर शेपटीवर लावली. एक जण आजीचा हात सोडून धावत गेला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "काका, मागे घ्या ना. त्याला दुखतंय."

काकांनी घेतली मागे.