तेवीस नंबरचा कुडा पांढरा नव्हताच

रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, मी नंबर देऊन नोंदी ठेवते त्या झाडांपैकी तेवीस नंबरच्या कुड्याखाली उभी राहिले आणि दोन वर्षांच्या नोंदी पाण्यात गेल्या. वीतभराहून लांब हिरव्या जोडशेंगा लोंबत होत्या आणि प्रत्येक जोडीची टोकं एकमेकींना चिकटलेली. म्हणजे काळा कुडा, पांढऱ्याहून वेगळी जात! वहीत मात्र पहिल्या दिवसापासून 'पांढरा'.

चूक कुठे झाली ते आता कळतंय. चीक दोघांचाही पांढरा, पानं दोघांचीही समोरासमोर. फुलात लगेच कळलं असतं: काळ्याच्या फुलात मधोमध झालर आणि तिच्यातून बाहेर आलेला पुंकेसरांचा सुळका, पांढऱ्याचे पुंकेसर नळीतच दडलेले. पण दोन्ही उन्हाळ्यांत मी माहेरी होते. फेब्रुवारीत पाहिलेल्या शेंगा तडकलेल्या, एकेक सुटी. सुटी शेंग म्हणजे पांढरा, असं मी धरून चालले. वाळून फुटताना काळ्याच्या शेंगांचीही टोकं सुटतात, हे ध्यानातच आलं नाही.

तरी एक पुरावा तिथेच होता. माकडांनी मोडलेली एक डहाळी झाडावरच वाळत होती आणि तिची पानं चक्क काळपट पडली होती. काळ्याची पानं वाळताना अशीच काळवंडतात. ते पाहून जो आनंद झाला, त्यात नोंदींचं दुःख निम्मं विसरले.

त्याच दिवशी एकतीस नंबरचं झाड कोणतं, याचाही निकाल लागला. पानामागे, मधल्या शिरेवर देठाजवळ, दोन देठदार गाठी: ऐन! जुन्या दहापट घडीच्या भिंगातून स्पष्ट दिसल्या. ऑनलाइन मागवलेलं दिव्याचं भिंग घेऊ नका. उजेड पानावर चमकतो आणि बारीक लव दिसेनाशी होते.

या हिवाळ्यात कारवीची, म्हणजे बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलून वाळणाऱ्या झुडपाची, रोपं मोजायची होती. २०२४ च्या बहरानंतर जुनी झुडपं वाळली, आता त्यांच्या जागी नवी पिढी आहे. पण लिहिता लिहिता आठवलं, नऊ, चौदा आणि अठरा नंबरही मी सुट्या शेंगांवरूनच 'पांढरे' ठरवलेत. म्हणजे आधी कुडे. शेंगा पुरत्या उकलण्याआधी गाठायच्या, कारण बियांवरच्या केसांचा झुबका काळ्यात शेंगेच्या देठाकडे असतो, पांढऱ्यात टोकाकडे. बी एकदा उडालं की दिशा कळायची नाही. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी फेरी, दुर्बिणीसकट. कारवी मोजायच्या चौकटी त्याच वाटेवर आखते.