कमोड, कोयरी आणि पैठणचे काका

परवा क्लायंटचा फोन, आवाज एकदम चढलेला. "मॅडम, आमच्या सागवानी कपाटाला तुम्ही कमोड कामून लिहिलं?" मला आधी कळेचना, मग पीडीएफ उघडून पाहिलं आणि हसू आवरेना. माणसाला फ्रेंच अजिबात येत नाही पण अख्ख्या कॅटलॉगमधला तो एक शब्द मात्र त्यानं बरोब्बर पकडला. आता त्याला काय सांगू, की फ्रेंचमधे कोमोद म्हणजे मुळात 'सोयीचं', त्यावरून ड्रॉवरवालं बुटकं कपाट, आणि तो संडासाचा अर्थ इंग्रजांनी नंतर लाजून लाजून त्याला चिकटवला नि तोच आपल्या बाथरूमपर्यंत आला. फ्रेंच लोक तसल्या जुन्या खुर्चीला सरळ 'शेझ पेर्से' म्हणतात, म्हणजे भोक पाडलेली खुर्ची. विषय संपला.

तर काम असं होतं की आपल्या इथल्याच, संभाजीनगरच्या एका एक्सपोर्टवाल्याचा इंग्रजी कॅटलॉग, पैठणी, हिमरू म्हणजे सुती-रेशमी नक्षीचं कापड, बिदरी म्हणजे चांदीची नक्षी ठोकलेल्या काळ्या धातूच्या वस्तू आणि थोडं फर्निचर, तो फ्रेंचमधे करून द्यायचा. मी पुण्यात राहून फ्रेंच शिकलेली, अजिंठ्याला टुरिस्टांबरोबर बोलून बोलून जीभ सुटलेली, म्हणलं चाळीस पानं तर आहेत, चार दिवसात उडवू. तीन आठवडे गेले.

अडलं कुठं, तर 'ब्रोकेड'पाशी. इंग्रजीत पैठणीला ब्रोकेड, हिमरूला ब्रोकेड, कुशनच्या कव्हरलाही ब्रोकेड, जे चमकतं आणि ज्यावर फुलं आहेत ते सगळं ब्रोकेड. फ्रेंचमधे हे चालत नाही. तिथं ल्योन नावाचं अख्खं शहर रेशमावर जगलं, 1804 च्या सुमाराला जाकार नावाच्या माणसानं आपला नक्षी विणणारा माग तिथंच आणला, आणि 1954 पासून तिथं जुन्या कापडांचा अभ्यास करणारी सिएता नावाची संस्था आहे, तिनं मागावरच्या एकेका गोष्टीचे शब्द अनेक भाषांत ठरवून ठेवलेत. म्हणजे नक्षीचा जादा आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला तर 'लांसे', नक्षीपुरताच जाऊन परत फिरला तर 'ब्रोशे', आणि 'ब्रोकार' म्हणलं की सोन्याचांदीची तार पाहिजेच. आता मी कॅटलॉगच्या फोटोत बघून कसं सांगणार धागा कुठून परत फिरतो ते? इंग्रजी वाक्य तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग काय, पैठण. पन्नासेक किलोमीटर, सकाळच्या गाडीनं. ओळखीचे एक विणकर काका आहेत, त्यांच्या मागाशेजारी बसले आणि विचारलं, काका, हा मोराचा धागा काठापर्यंत जातो का मोरापाशीच वळतो? काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, साडी घ्यायला आल्या का परीक्षा घ्यायला?" पण मग दाखवलं त्यांनी. प्रत्येक रंगाची आपली वेगळी छोटी कांडी, मोराचा निळा धागा मोराच्या कडेला येतो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो, दुसऱ्या रंगात शिरतच नाही. मागं लोंबणारा धागा नाही. काकांनी पदर उलटून दाखवला, उलटसुलट सारखाच. म्हणजे ब्रोकेड नाहीच की हे! फ्रेंचमधे याला 'तापिसरी' म्हणतात.

आणि तिथं नवीन घोळ. तापिसरी म्हणलं की फ्रेंच माणसाच्या डोळ्यासमोर पॅरिसच्या गोब्लां कारखान्याचे ते महालाच्या भिंतीवरचे भलेमोठे पडदे येतात, नाहीतर खुर्चीचं भरतकाम केलेलं कापड, आणि 'तापिसिए' तर सोफ्याला कापड चढवणारा. नऊवारी अंगावर नेसतात हो, भिंतीवर टांगत नाहीत. शेवटी मी 'तापिसरीच्या पद्धतीनं विणलेली नक्षी' असं लांबलचक लिहिलं आणि पैठणीला पैठणीच ठेवलं, मला तरी तेच पटलं.

हिमरूचं उलट. मैत्रिणीच्या आजीची जुनी शाल उलटी करून पाहिली तर मागं सगळे रेशमी धागे मोकळे पसरलेले, उभा धागा सुती. म्हणजे लांसे. दोन्ही कापडं एकाच जिल्ह्यातली, इंग्रजीत एकच शब्द, आणि विणायची रीत बघाल तर एकमेकांचं तोंड न बघणारी. जरीचंही तसंच, इंग्रजीत नुसतं गोल्ड थ्रेड, पण धाग्यावर पट्टी गुंडाळली तर फ्रेंचमधे 'फिले', नुसती चपटी पट्टी असली तर 'लाम'. आपल्याकडं जर आणि बादला हे वेगळे शब्द आहेतच ना! मधल्या इंग्रजीनंच ते एक करून टाकले.

बिदरीला 'इनले' लिहिलेलं. लाकूड कोरून त्यात शिंपला बसवला तर आंक्रुस्तास्यों, पातळ तुकडे जुळवून वरून चिकटवले तर मार्केतरी, धातूत धातू ठोकला तर दामास्किनाज. बिदरी म्हणजे जस्त आणि थोडं तांबं, त्यात चांदीची तार ठोकायची, मग बिदरच्या किल्ल्यातली माती नि नवसागर लावून काळं करायचं, चांदी तेवढी पांढरी राहते. मी हे सगळं एका ओळीत बसवलं, क्लायंट म्हणाला फार मोठं झालं.

कोयरीला मात्र लई मजा आली. इंग्रजीत पेझ्ली, ते स्कॉटलंडमधलं गाव, काश्मिरी शालींची नक्कल तिथं व्हायची म्हणून. फ्रेंच म्हणतात काशमीर. आमच्या आजीला यातलं कुठलंच गाव माहीत नव्हतं, तिच्यासाठी ती झाडावरची कैरी.

आणि लाखेचं, 'लाक'. आपल्या लाखेवरूनच गेलेला शब्द, पण तिथं स्त्रीलिंगी असला तर पदार्थ, पुल्लिंगी असला तर त्याची केलेली कलाकुसरीची वस्तू. आपल्याकडं तीन लिंगं असून अशी सोय नाही.

कोमोद शेवटी काढला. 'ड्रॉवरांचं फर्निचर' असं बुळबुळीत काहीतरी घातलं, कारण क्लायंट म्हणाला फ्रेंच लोकांचं मला माहीत नाही पण माझ्या भावानं हे वाचलं तर गावभर करेल.

शेवटच्या पानावर धूपछाव पदर होता, हलवला की रंग बदलणारा, इंग्रजीत नुसतं शॉट सिल्क. फ्रेंच शब्द सापडला 'गोर्ज द पिजों', कबुतराचा गळा. इतका आवडला की काकांना फोन लावून सांगितलं. काका जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "बरोबर आहे की. पण ताई, त्यात हिरवा पुढं का जांभळा, ते लिहिलं का तुम्ही?"

नव्हतं लिहिलं.