पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला

पुण्यात शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात हजर झालो, तेव्हा माझी पोलिसातली नोकरी सहा वर्षांची झाली होती. बंदोबस्त, गार्ड ड्युटी, समन्स बजावणं, एवढंच तोवर केलेलं. श्वान पथकासाठी नावं मागवली तेव्हा लगेच अर्ज दिला. आमच्या घरी मंगळवेढ्याकडच्या माळावर मेंढरं होती आणि मेंढरांमागं कुत्री. कुत्र्यांचं मला कळतं, अशी खात्री होती. कोर्स सहा महिन्यांचा. ती खात्री पहिल्या तीन महिन्यांतच मोडली.

दुर्गा तेव्हा सात महिन्यांची होती. काळी लॅब्राडोर, स्फोटक शोधासाठी निवडलेली. पहिले पंधरा दिवस एकही कमांड द्यायची नाही, असं उस्तादांनी सांगितलं. पहाटे साडेपाचला केनेल साफ करायचं, तिला फिरवायचं, अंगावरून ब्रश फिरवायचा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची. जेवण फक्त माझ्या हातून. सुटीच्या दिवशीही मीच. तिला भूक लागली, खेळावंसं वाटलं, पोट बिघडलं, तर तिनं माझ्याकडंच बघावं, यासाठी हे सगळं.

मग हील (पायाशेजारून चालणं), सिट, डाऊन, स्टे. माझा आवाज माळावरचा, या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय. उस्ताद म्हणाले, "ओरडू नको. तिला तुझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. शब्द एकच ठेव, सूर एकच ठेव." हे जमायला मला महिना लागला. दुर्गाला आठवडा पुरला.

वासाचं काम सुरू झालं तेव्हा खरा अभ्यास लागला. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, लॅब्राडोरच्या नाकात २२ कोटींच्या घरात, हे वर्गात लिहून घेतलं. पण आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त पटली. शुद्ध आरडीएक्स हवेत फार कमी सुटतं. कुत्रा बहुतेक वेळा ते तयार करताना त्यात राहिलेल्या सायक्लोहेक्सानोनसारख्या पदार्थाचा वास धरतो. टीएनटी या स्फोटकाचंही तसंच, त्याच्या सोबत राहिलेल्या डीएनटी या पदार्थाचा वास जास्त सुटतो. म्हणून नमुने जपायचे ते वेगवेगळ्या डब्यांत, वेगळ्या चिमट्यानं, हातमोजे बदलून. एकाचा वास दुसऱ्याला लागला की कुत्रा मिश्रणच शिकतो. आणि नमुन्याच्या खोक्याला हात लावला तर रिकाम्या खोक्यांनाही तसाच लावायचा, नाहीतर दुर्गा बारूद सोडून माझा हात शोधते.

लोक अजून विचारतात, कुत्र्याला बारूद चाटवता का, गांजाची सवय लावता का. असलं काहीही करत नाहीत. तिला हवा असतो चेंडू. वास सापडला की चेंडू मिळतो, एवढाच तिचा हिशेब, आणि त्या चेंडूसाठी ती जीव टाकते. वास सापडला की तिनं शांत बसायचं. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. वस्तूला धक्का लागला तर काय होईल ते सांगायला नको.

आता माझी खात्री मोडली तो दिवस. तिसरा महिना संपत आला होता. मैदानावर दहा खोकी ओळीनं मांडलेली, नमुना सातव्यात. आठवडाभर दुर्गा बिनचूक बसत होती आणि माझी छाती फुगत होती. त्या सकाळी उस्तादांनी मला पाणी आणायला पाठवलं आणि परत आल्यावर म्हणाले, "सातव्यात आहे, सुरू कर." तिसऱ्या खोक्यापाशी दुर्गाची चाल बदलली. मान वळली, श्वास आखूड झाला, शेपटी ताठ. मला वाटलं, चुकतेय. मी पट्टा जरासा ओढला आणि तिला पुढं नेलं. सातव्यापाशी माझी पावलं आपोआप मंदावली आणि दुर्गा बसली. नजर मात्र खोक्याकडं नव्हती. माझ्या तोंडाकडं होती.

सातवं खोकं रिकामं होतं. मी पाणी आणायला गेलो तेव्हा नमुना तिसऱ्यात हलवला होता.

उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "ती वास सांगत होती, तू ऐकलं नाहीस. मग तिनं तुला पाहिजे ते दिलं. आठवडाभर तिला तूच शिकवलंस, साहेबाची पावलं थांबली की बसायचं." त्या रात्री केनेलपाशी बराच वेळ बसून होतो. बाहेर हीच चूक झाली असती तर तिसरी पिशवी मागं राहिली असती, आणि मागं माणसं असती.

त्यानंतरचे तीन महिने शिक्षण माझं झालं. नमुना कुठं आहे हे मला कुणीच सांगायचं नाही. पट्टा सैल, हात पोटाशी, पावलं एका तालात. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं आणि वाऱ्याच्या तोंडानं शोध सुरू करायचा. जीभ बाहेर काढून ती धापा टाकू लागली की नाक नीट चालत नाही, म्हणून उन्हात वीस-पंचवीस मिनिटांनी सावलीत विश्रांती. तिची शेपटी, कान, श्वास यांची मी वहीत नोंद ठेवू लागलो, दररोज. ती वही अजून आहे.

त्याच केंद्रात शिकलेला जंजीर हा कुत्रा आम्हा सगळ्यांना माहीत होता. मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स आणि शेकडो डिटोनेटर शोधून दिले. तो नोव्हेंबर २००० मध्ये गेला. आधी त्याची गोष्ट ऐकताना मला कुत्रा दिसायचा. आता त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक धरणारा माणूसही दिसतो.

शेजारच्या तुकडीत डॉबरमन माग काढायला शिकत होते. चोरी-खुनाच्या बातमीत शेवटी छापतात ना, "श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले." ते वाक्य मला लागतं. चोर तिथून मोटारसायकलवर बसून गेला असेल, तर माग तिथंच संपतो, आणि कुत्र्यानं खरं तेच सांगितलेलं असतं. कोर्टही एकट्या कुत्र्याच्या कामावर शिक्षा देत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये अशा पुराव्याचा विचार केला होता. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, साक्ष देतो तो श्वान हस्तक, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा पोलीस. मला हे योग्यच वाटतं. तपासाची दिशा द्यायची, पुरावा पुढं माणसांनी गोळा करायचा.

शेवटच्या चाचणीत पाच नमुने होते, खोल्या, गाडी आणि सामानाच्या ढिगात. दुर्गानं पाचही दाखवले.

जिल्ह्यात परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिला खरा कॉल आला. एसटी स्टँडवर बाकाखाली बेवारस बॅग. गर्दी मागं सारलेली, तरी मोबाइल वर करून शंभर माणसं उभी. माझं काळीज धडधडत होतं आणि ते पट्ट्यात उतरू नये म्हणून मी श्वास मोजत होतो. दुर्गानं बॅगेभोवती वळसा घेतला, चेनजवळ नाक नेलं, हुंगलं आणि पुढच्या बाकाकडं निघाली. मी पट्टा सैलच ठेवला.

साहेबांनी विचारलं, "नक्की?"

"दुर्गा बसली नाही, साहेब."

तरीही ठरल्याप्रमाणं बॉम्ब शोधक व नाशक पथकानं आपली तपासणी पूर्ण केली, मगच बॅग उघडली. दोन नऊवारी लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि लोणच्याची बरणी. अर्ध्या तासानं एक म्हातारी आजी शोधत आली. दुर्गाला बघून म्हणाली, "बाई गं, किती गुणाची लेक!"

संध्याकाळी मुख्यालयाच्या मैदानावर मी जोडीदाराला एक नमुना लपवायला सांगितला. दिवसभर शोधून काहीच हाती लागलं नाही, असं तिला वाटून द्यायचं नसतं. कुठं लपवलाय ते सांगू नको, असं त्याला बजावून मी पाठ फिरवून उभा राहिलो. मग पट्टा लावला. जुन्या जीपच्या मागच्या चाकापाशी दुर्गाचा श्वास आखूड झाला, आणि ती बसली. या वेळी नजर चाकाकडं. मी चेंडू टाकला.