उरलेले नव्याण्णव

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला शनिवार. पहाटे साडेचारला आम्ही वसईचे अठरा जण अलिबागहून निघालो, कोर्लईच्या कार्मेल माउलीच्या चर्चपर्यंत पायी. वीस-बावीस किलोमीटर. पंढरीला जाणारे हसतील, पण आम्ही याला वारीच म्हणतो. टाळांऐवजी हातात रोझरीची जपमाळ, एवढंच.

नागाव येईतो उजाडलं. चौलच्या अलीकडे, भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, उतरला होता. दिवाळीनंतर ही मंडळी घाटावरून कोकणात येतात. रात्री शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात यांना भात नाहीतर पैसे. पावसाआधी परत वर.

आमच्या घरी कॅलेंडरवर मेंढपाळ येशू असायचा. पांढराशुभ्र झगा, खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू. वसईच्या पोराला बोंबील कळतो, मेंढरू काय कळणार? इथली मेंढरं काळी, शेणामातीनं बरबटलेली, आणि वास असा की आमच्यातल्या दोघींनी पदर नाकाला लावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना सांगितलं होतं, अंगाला मेंढरांचा वास येऊ द्या. ते वाक्य मी प्रवचनात कितीदा ऐकलंय. तेव्हा वास आला नव्हता.

वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशीच एका म्हाताऱ्या बाबांची घोंगडी पसरलेली होती. रात्री इथंच झोपता? ‘मग कुठं? कोल्हं आलं तर माझ्या अंगावरनंच जाईल की.’ बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मेंढरांचं दार मी आहे. मेंढपाळ आणि दार एकच कसा, हे मला कधी उमगलं नव्हतं.

मग मी लूकच्या शुभवर्तमानातली येशूची गोष्ट काढली. शंभरातलं एक हरवलं, तर नव्याण्णव रानात सोडून शोधायला जाल? बाबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. ‘मागं भाऊ हाय, कुत्री हायेत. एकटा असतो तर न्हाई गेलो. बाकीच्यांनी काय करायचं?’

ही गोष्ट ऐकताना हरवलेलं कोकरू नेहमी मीच असायचो. खांद्यावर बसून घरी यायचं, मजा. त्या नव्याण्णवांचा विचार मी कशाला करतोय?

रेवदंड्यात टाचेचा फोड फुटला आणि मी मागे पडलो. चपला हातात घेऊन एका टपरीच्या सावलीत बसलो, लिंबू सरबत घेतलं, मग दुसरं. अर्ध्या तासानं आमच्यातला एक तरणा पोरगा धापा टाकत मला शोधत परत आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत साळावच्या पुलावर पोचलो, तर सगळे तिथंच उभे. अकराचं ऊन, खाली कुंडलिकेची खाडी, सावलीचं नाव नाही. सर्वांत वयस्क मावशी कठड्याला टेकून पदरानं वारा घेत होत्या.

‘आलास?’ त्या म्हणाल्या. ‘सरबत प्यायलास ना? ओठावर दिसतंय.’