रंगाऱ्याला बोलावण्याआधी

घर विकायचे ठरले की पुण्यात पहिला सल्ला मिळतो तो रंग काढून घेण्याचा. कोथरूडमधला आई-वडिलांचा फ्लॅट विक्रीस काढताना मी मात्र कपाटातल्या फायलींपासून सुरुवात केली. रंग पाहून गिऱ्हाईक खूश होते हे खरे, पण व्यवहार अडतो तो कागदांवर.

नोंदणीकृत मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी), मिळकतकराची पावती आणि गृहकर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला एवढे तर लागतेच. आमच्याकडे खरा प्रश्न शेअर सर्टिफिकेटचा, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याचा होता. वडिलांच्या पश्चात त्यावर आईचे नाव नॉमिनी म्हणून लागले होते आणि त्यामुळे फ्लॅट तिचाच झाला, असे सगळे नातेवाईक धरून चालले होते. प्रत्यक्षात नॉमिनी केवळ नॉमिनी असल्यामुळे मालक ठरत नाही. मृत्युपत्र नसल्याने वारस म्हणून आम्हा भावंडांचेही त्यात हिस्से होते, आणि ते आम्ही नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आईच्या नावे सोडून दिल्यावरच खरेदीदाराचा वकील पुढचे बोलायला तयार झाला असता.

सोसायटीची थकबाकी आधीच भरून टाकावी. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क म्हणून २५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम सोसायटीला घेता येत नाही. त्यापलीकडे 'स्वेच्छेने' मागितल्या जाणाऱ्या देणगीला नम्रपणे नकार देता येतो. (स्वेच्छा नेमकी कोणाची, हे विचारू नये.)

घरात सर्वांत अधिक लक्ष दिले ते ओलीकडे. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे धरत. त्यावर पुट्टी आणि डिस्टेंपर मारून चार महिने निभावले असते, पण असे लपवणे मला अप्रामाणिक वाटते, शिवाय ते टिकतही नाही. म्हणून बाहेरच्या बाजूने भेगा भरून घेतल्या, बाथरूमच्या फरशांचे सांधे नव्याने भरले आणि आतला रंग भिंत पूर्ण सुकल्यावरच काढला. बंद करून घेतलेल्या गॅलरीबद्दल मात्र इच्छुकांना आधीच सांगितले, कारण बँकेचा मूल्यांकनकर्ता मंजूर नकाशाशी ताडून पाहतो आणि ते तेव्हा उघड होतेच.

माळ्यावरची पितळी भांडी बहिणीने नेली, उरलेले भंगारवाल्याने.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस (आयकरापोटी आधीच कापायची रक्कम) कापून उरलेली रक्कम देतो, हे आईला आधीच समजावून ठेवले. नाहीतर पैसे कमी आले असे तिला वाटले असते. भांडवली नफ्यावरील कराचा हिशेब सनदी लेखापालाकडून किंमत ठरवण्यापूर्वीच करून घेतला.

घर दाखवण्यासाठी मी मुद्दाम ऐन पावसाळा निवडला. भिंत कोरडी असल्याचे त्यामुळे वेगळे सांगावे लागले नाही. पितृपंधरवड्यात इसार द्यायला सहसा कोणी धजावत नाही, तेव्हा ते दिवस मसुदा तपासण्यात घालवले आणि नोंदणी दसऱ्यानंतर केली.